सीलबंद कपाट आणि अकरा पंच

खाऊच्या कपाटाला शिशाचं सील ठोकायचं, असं वजनरावांनी गुरुवारी सकाळी सव्वानऊला ठरवलं. ठरवताना ते इतके खूश झाले की पायजम्यावरच त्यांनी स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्यांना तेव्हा कुणी सांगायला हवं होतं. पण घरात दुसरं माणूस एकच, त्यांची बायको, आणि ती नोकरीवर जायला चपला शोधत होती.

वजनमापे खात्यात सव्वीस वर्षं निरीक्षक असलेल्या माणसाला इमारतीने वजनराव म्हणावं, हे ओघानेच आलं. (हे नाव पडलं तेव्हा ते सडपातळ होते. ही माहिती ते न विचारता पुरवत.) दुकानात ते शिरले की दुकानदार आधी तराजूकडे बघत आणि मग देवाकडे. तराजूखाली चिकटवलेला मेणाचा गोळा, मापाच्या तळाशी बसवलेला खोटा पत्रा, काही म्हणजे काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. हातात वस्तू घेतली की ग्रॅमात वजन सांगत. फक्त स्वतःचं वजन मात्र त्यांना कधी अंदाजाने सांगता आलं नाही. दर वेळी अंदाज पाच-सहा किलो कमीच यायचा.

आता मात्र प्रश्न अंदाजाचा राहिला नव्हता. मुख्य कचेरीत ‘मानक कक्ष’ नावाची एक खोली आहे. सगळ्या वजनांची मूळ वजनं तिथे काचेच्या झाकणाखाली ठेवलेली असतात. बाकीची सगळी वजनं त्यांच्याशी ताडून बघायची. खोलीत गारवा, शांतता, हातात पांढरे मोजे, आणि सहा वाजता सुट्टी! सव्वीस वर्षं उन्हातान्हात बाजार पालथा घातलेल्या माणसाला याहून मोठा स्वर्ग कुठला? त्या खोलीच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि ती वजनरावांनाच मिळणार, हे जवळपास ठरलं होतं. बायकोने तर संध्याकाळी दोघांनी मिळून फिरायला जायचा रस्तासुद्धा ठरवून टाकला होता. गेल्या सव्वीस वर्षांत ते दोघं संध्याकाळी बरोबर फिरले होते ते एकूण नऊ वेळा, आणि त्यातल्या तीन वेळा वाटेत वजनराव एखाद्या दुकानात शिरले होते.

आडवी आली ती खात्याची डॉक्टर. तिने वजनरावांना काट्यावर उभं केलं, आकडा वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

“अठ्ठ्याऐंशी.”

“तुमचा काटा कधी तपासला होता?” वजनरावांनी विचारलं.

“गेल्या महिन्यात. तुम्हीच तपासलात. ही बघा तुमची सही.”

वजनरावांनी सही निरखून बघितली. आपलीच.

“गुडघे कुरकुरतायत, रक्तदाब वर चाललाय,” डॉक्टर म्हणाली. “एकवीस दिवसांत चार किलो उतरवा. चौऱ्याऐंशी झालात तर मी प्रमाणपत्र देते. नाही झालात तर नाही.”

नाही झालात तर ती जागा जाणार होती चष्मेवाल्याला. चष्मेवाला म्हणजे वजनरावांच्या हाताखालचा सहायक. त्याच्या अंगावर ऐवज इतका कमी की जोराचा वारा सुटला तर तो खिशात दोन-दोन किलोची वजनं टाकून फिरत असेल, असा वजनरावांचा संशय होता.

वजनरावांनी ताबडतोब साठलेली एकवीस दिवसांची रजा टाकली. घरी बसू, चालू, कमी खाऊ, बघता बघता चार किलो उतरवू! बेत झकास होता. त्यात एकच खोट होती. कचेरीत असताना माणसाला खायला वेळ नसतो, आणि रजेवर असताना खाण्याखेरीज दुसरं काम नसतं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी घरातली सगळी घड्याळं जुळवली, बायकोच्या मसाल्यांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या आणि खिडकीतून समोरच्या दुकानदाराकडे इतका वेळ बघितलं की त्याने घाबरून शटर अर्धं ओढलं. मग काय? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. ते सहज म्हणून खाऊच्या कपाटाशी गेले. कपाटात बिस्किटांचा पुडा होता. त्यांनी तो तळहातावर तोलला आणि त्यांचे डोळे चमकले. सात ग्रॅम कमी! ग्राहकांची उघड फसवणूक! तक्रारीचं पत्र अर्धं लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पुडा तोलण्याआधीच आपण त्यातलं एक बिस्कीट तोंडात टाकलंय.

खरी गोष्ट अशी की त्यांना भूक लागत नव्हतीच. कंटाळा यायचा. पण पोटाला कंटाळा आणि भूक यातला फरक कळत नाही, आणि वजनरावांनी तो कधी समजावून सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बायकोने सगळा खाऊ लपवला. ती ग्रंथालयात काम करायची. त्यामुळे घरीही ती ग्रंथालयातल्याच आवाजात बोलायची. कधी ओरडायची नाही, आणि हेच वजनरावांना जास्त भारी पडायचं. तिने बिस्किटं कपडे धुवायच्या मशीनमध्ये ठेवली, खारे दाणे उशीच्या अभ्र्यात आणि चॉकलेट जाडजूड शब्दकोशामागे. सव्वीस वर्षं लोकांची खोटी वजनं हुडकलेल्या माणसापुढे हे म्हणजे पोरखेळ. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा ते अभिमानाने म्हणाले, “चॉकलेट लपवायला जरा डोकं लढवलं होतंस हं! तिथे तीन मिनिटं गेली.”

“खाल्लंत?”

“जप्त केलं.”

“कुठे आहे मग?”

वजनरावांनी पोटाकडे बघितलं. बायको हळू आवाजात म्हणाली, “अहो, तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. तुम्ही घाबरता ते फक्त कायद्याला.”

हे वाक्य त्यांच्या डोक्यात रात्रभर घोळलं आणि गुरुवारी सकाळी सव्वानऊला फळाला आलं. सील!

खात्यात पंचवीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्यांना एक जुना, झिजलेला सीलचा चिमटा आठवण म्हणून भेट मिळाला होता. तार, शिशाच्या गोळ्या, सगळं घरात होतं. त्यांनी कपाटातल्या प्रत्येक वस्तूची निव्वळ वजनासह यादी केली, ती दारावर चिकटवली, दोन्ही कड्यांतून तार ओवली, गोळी बसवली आणि चिमटा दाबला. कट्ट! तो आवाज ऐकून त्यांच्या अंगावर शहारा आला.

“आणि उद्या तुम्हीच तोडलंत तर?” बायकोने विचारलं.

“मी?” वजनराव दुखावले. “अगं, सव्वीस वर्षांत पंचांशिवाय, पंचनाम्याशिवाय एक सील तोडलेलं नाही मी! जीव गेला तरी तोडणार नाही.”

बायकोच्या तोंडावर पहिल्यांदा समाधान दिसलं. ती निश्चिंत मनाने कामाला गेली.

दुपारी तीनपर्यंत वजनराव वीरासारखे वागले. साडेतीनला ते कपाटासमोर खुर्ची टाकून बसले. पावणेचारला त्यांच्या तोंडाला असं पाणी सुटलं की यादीवरची अक्षरंसुद्धा त्यांना खमंग वाटायला लागली. ‘बिस्किटे, गोड, तीनशे ग्रॅम.’ काय सुंदर वाक्य! सील तोडणं शक्य नव्हतं. शब्द म्हणजे शब्द. आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण काय म्हणालो होतो? पंचांशिवाय तोडणार नाही. पंचनाम्याशिवाय तोडणार नाही. मग पंच आणून, पंचनामा करून तोडलं तर?

ते दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत खाली गेले. (रजेतला हा त्यांचा पहिला व्यायाम.) खालच्या मजल्यावर हेडबाई राहायच्या. एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सत्तरीच्या, पण नजर अजून अशी की समोरचा माणूस आपोआप नखं लपवायचा. त्यांच्या शेजारी विमा एजंट. हा दुपारी घरीच असायचा, कारण बाहेर त्याला पाहून लोक रस्ता बदलायचे.

“बाई, एक सरकारी स्वरूपाचं काम आहे. प्रतिष्ठित नागरिक म्हणून साक्षीला याल का?”

“गुन्हा काय आहे?” हेडबाईंचे डोळे लकाकले.

“अजून घडायचा आहे,” वजनराव म्हणाले.

पंचांनी सील तपासलं, शाबूत असल्याचं मान्य केलं. वजनरावांनी सील तोडलं, दोन बिस्किटं बाहेर काढली, वजन केलं. पंधरा ग्रॅम. नोंद झाली. आता खायची. पण दोन प्रतिष्ठित नागरिक समोर बसलेले असताना आपण एकट्यानेच खायचं म्हणजे काय? लाज आहे की नाही काही! त्यांनी तीन बशा काढल्या. एजंटने दाण्यांची चौकशी केली. हेडबाई म्हणाल्या, चहाशिवाय बिस्कीट घशात अडकतं. चाळीस मिनिटांनी पंच उठले तेव्हा पुडा निम्मा झाला होता आणि त्यातली आठ बिस्किटं वजनरावांच्या नावावर होती. नवी यादी, नवं सील. कट्ट!

संध्याकाळी बायकोने आल्या आल्या सील बघितलं. चकचकीत, शाबूत. नवी यादी तिने वाचली नाही. सील आहे म्हटल्यावर यादी कशाला वाचायची? ती हळूच म्हणाली, “शाबास हो.” आणि वजनरावांना त्या एका शब्दाने जेवढं टोचलं, तेवढं पायात मोडलेल्या काट्यानेसुद्धा टोचलं नसतं. आत्ताच सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात आलंही. पण ती इतकी खूश दिसत होती. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला दारावरची घंटा वाजली.

“आज पंचनामा किती वाजता?” हेडबाई स्वतःचा कप घेऊन आल्या होत्या. एजंटने स्वतःचा मेव्हणा आणला होता. “याला कायद्याची फार आवड आहे हो,” तो म्हणाला. मेव्हण्याला कायद्याची नसली तरी चीजची आवड होती, हे पाच मिनिटांत सिद्ध झालं.

मग बातमी पसरली. कुठल्याही इमारतीत दुपारी पावणेचारला फुकट चहा, बिस्किटं आणि त्यावर सही करायचा मान, एवढं एकत्र कुठे मिळतं? आठवड्याभरात पंच अकरा झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन जावा एकमेकींशी तीन वर्षं बोलत नव्हत्या, त्या ‘सील शाबूत आहे’ यावर एकमताने सह्या करून पुन्हा बोलायला लागल्या. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायला मात्र हेडबाईंना लाज वाटली. त्यांनी घरून मनुका घातलेला केक करून आणला.

“हा यादीत नाही,” वजनराव तत्त्वाने म्हणाले.

“मग जप्त करा!” हेडबाई म्हणाल्या.

वजनरावांनी केक जप्त केला. सहाशे चाळीस ग्रॅम. तेव्हापासून प्रत्येक पंच रोज काहीतरी जप्त करून घ्यायला आणू लागला. कुणी वेफर, कुणी खजूर, कुणी घरचा जॅम. कपाटाचं दार लागेना. मुद्देमाल ठेवायला जागा नाही म्हणून तो लगेच तिथेच संपवावा लागे. आणि वजनराव काय मजेत होते! सकाळी उठल्यापासून ते दुपारची वाट बघत. कंटाळा कुठल्या कुठे पळाला होता. प्रत्येक पंचनामा ते वळणदार अक्षरात लिहीत, सगळ्यांना वाचून दाखवत आणि फाइलला लावत. लिहिताना एका अक्षराचीही लबाडी नाही. लबाडी त्यांना जमतच नव्हती. फक्त ती फाइल ते बायको यायच्या आधी चपलांच्या कपाटात ठेवत.

पण काटा कुठे ठेवणार? सातव्या दिवशी बायकोने त्यांना बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभं केलं. साडेअठ्ठ्याऐंशी! चौदाव्या दिवशी नव्वदला दोनशे ग्रॅम कमी.

“काटा बिघडलाय,” वजनराव म्हणाले, आणि प्रमाणित वजनं ठेवून त्यांनी तो तपासला. काटा ग्रॅमभरही चुकत नव्हता. तराजू बरोबर निघाल्याचं त्यांना जन्मात पहिल्यांदाच वाईट वाटलं.

बायको सीलकडे बघत राहिली. सील शाबूत. जेवण तर ती स्वतः मोजून वाढत होती. तरी माणूस फुगतोय! मग हे काय? अंगावर सूज? काही आतलं दुखणं? त्या रात्री तिने शब्दकोश सोडून वैद्यकाचं एक पुस्तक वाचलं, आणि असली पुस्तकं वाचून आजवर कुणाचंही भलं झालेलं नाही. पहाटेपर्यंत तिला वजनरावांमध्ये सहा असाध्य रोग सापडले. सकाळी कामावर पोचताच तिने डॉक्टरला फोन केला.

“अहो, ते काही खातच नाहीत. खाऊच्या कपाटाला त्यांनी स्वतः सील ठोकलंय. दोन आठवडे सील तसंच आहे. आणि वजन वाढतंय!”

डॉक्टर फोन कानाला लावूनच खुर्चीतून उठली. न खाता वजन वाढतंय? वीस वर्षांच्या नोकरीत तिने अशी केस पाहिली नव्हती. “मी आजच येते,” ती म्हणाली. “त्यांना सांगू नका, उगाच घाबरतील.”

पावणेचारला वजनरावांच्या दिवाणखान्यात अकरा पंच दाटीवाटीने बसले होते. हेडबाईंनी दोन मजली केक आणला होता, एजंट चहा ओतत होता, आणि वजनराव उभे राहून खणखणीत आवाजात नवा पंचनामा वाचत होते. तेवढ्यात दार उघडलं. दारात एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात रुमाल घेतलेली बायको, आणि तिच्यामागे बॅग घेतलेली डॉक्टर.

वजनरावांच्या उजव्या हातात कागद होता. डाव्या हातात केकचा मोठा तुकडा.

मेव्हण्याचं चीज चघळणं तेवढं खोलीभर ऐकू यायला लागलं.

“हे रुग्ण?” डॉक्टरने विचारलं.

“हे आरोपी,” हेडबाईंनी दुरुस्ती केली. सवयच ती.

डॉक्टर पुढे आली, तिने वजनरावांच्या हातून कागद घेतला आणि मोठ्याने वाचला. “आज रोजी आम्हा पंचांसमक्ष कपाटाचे सील शाबूत आढळले. सील तोडून मुद्देमाल बाहेर काढला. सदर इसमाने बिस्किटे नग नऊ, चीज सत्तर ग्रॅम व केक अंदाजे दोनशे ग्रॅम स्वेच्छेने भक्षण केले. इसम आणखी मागत होता. पंचांनी ते समक्ष पाहिले.” तिने वर बघितलं. “असे किती आहेत?”

वजनरावांची पाचावर धारण बसली होती. पण खोटं बोलायची सवय नाही. ते निमूटपणे चपलांच्या कपाटाशी गेले आणि फाइल आणून दिली. “तेरा,” ते म्हणाले. “सगळे खरे आहेत.”

डॉक्टर फाइल चाळत राहिली. पंच एकेक करून बशा खुर्चीखाली सरकवायला लागले. बायको मात्र जागची हलली नाही.

“अहो,” ती तिच्या त्याच हळू आवाजात म्हणाली, “मी रात्रभर रडले. मला वाटलं, तुम्हाला काहीतरी भयंकर झालंय. आता आपलं फिरायला जाणंबिणं राहिलं, निदान माणूस तरी वाचू दे, असं म्हणत होते मी.”

वजनरावांनी केकचा तुकडा खाली ठेवला. पंधरा दिवसांत खाली ठेवलेला हा पहिला तुकडा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “तू त्या दिवशी शाबास म्हणालीस ना, तेव्हाच सांगायला हवं होतं. मला तुझ्याबरोबर फिरायला जायचंय गं. खरंच जायचंय. पण पावणेचारला दुसरं काही आठवतच नाही मला. जागा चष्मेवाल्याला देऊन टाका, डॉक्टर. त्याचं पोट त्याच्या ऐकण्यात आहे.”

डॉक्टरने फाइल मिटली.

“वीस वर्षं मी लोकांना सांगतेय, रोज काय खाता ते लिहून ठेवा,” ती म्हणाली. “सगळे मला एकच सांगतात, मी काहीच खात नाही हो. आणि तुम्ही ग्रॅमात लिहून, साक्षीदारांच्या सह्या घेऊन, स्वतःविरुद्ध फाइल तयार केलीत! मूळ वजनं सांभाळायला असा माणूस नाही द्यायचा तर कुठला द्यायचा? मी तीन महिन्यांची मुदत देते. प्रमाणपत्र तात्पुरतं. आणि त्या खोलीचा नियम माहीत आहे ना? आत अन्नाचा कण न्यायचा नाही. बोटाचा तेलकटपणासुद्धा वजनाला लागता कामा नये. दहा ते सहा.”

“दहा ते सहा?” वजनरावांचा आवाज चिरकला. “म्हणजे पावणेचारलाही?”

“पावणेचारलाही.”

बायको हसली. पंचांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरने जाता जाता केकचा एक तुकडा घेतला आणि बारावी पंच म्हणून सहीही केली.

वजनराव मानक कक्षात रुजू झाले. गारवा, शांतता, पांढरे मोजे, सगळं होतं. पहिल्या महिन्यातच तीन किलो उतरले, गुडघ्यांची कुरकुर थांबली, आणि रोज संध्याकाळी दोघं बरोबर फिरायला जाऊ लागली. बायकोनेही ग्रंथालयातून लवकर सुटायची पाळी मागून घेतली. वजनरावांना वाटलं, काय प्रेम आहे हिचं! आपल्यासाठी एवढं!

महिनाअखेर एका शुक्रवारी कचेरी अडीच तास आधी सुटली. कधी नव्हे ते वजनराव चारलाच घरी पोचले आणि दारातच थांबले. दिवाणखान्यात पंच जमले होते, सगळे. मधल्या खुर्चीवर बायको बसली होती आणि ग्रंथालयातल्या आवाजात पंचनामा वाचत होती:

“...सील तोडून दोन मजली केक बाहेर काढला व पंचांनी आपसांत संपवला. सदर इसम गैरहजर. त्याच्या वाट्याचा तुकडा कुणी घ्यावा यावर चर्चा झाली. इसम हल्ली छान बारीक दिसतो, त्याला इतक्यात काही कळवू नये, असे सर्वानुमते ठरले.”